मुदत संपत आल्याचे पत्र

पत्राला आपल्या समाजात एक मान आहे. माळव्यात, बडोद्यास, ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस येऊन स्थिरावलेल्या घराण्यांनी मूळ गावाशी असलेला धागा कित्येक पिढ्या पत्रांनीच टिकवला. त्यामुळे आपल्या नावाने, आपल्या व्यवसायाचा उल्लेख करून आणि 'अंतिम सूचना' असा मथळा घालून काही आले, की ते बाजूला सारणे आपल्याला जड जाते. आता पत्राची जागा ई-मेलने घेतली. मान मात्र तसाच राहिला. त्या मानावर उपजीविका करणारी एक जमात अलीकडे लहान व्यावसायिकांच्या मागे लागली आहे. आज तिच्याविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

विषय परका नाही. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतून आज मेतकूट, भाजणी, गोडा मसाला विकला जातो. कोणी शिकवणी चालवतो, कोणाचे मंगल कार्यालय आहे, कोणी गणपतीची मखरे करून दूरदूर पाठवतो. अशा प्रत्येक उद्योगाची आता एक छोटीशी वेबसाईट असते. पुण्या-मुंबईची मोठी दुकाने यासाठी पगारी माणूस ठेवतात. आपल्याकडे हा कारभार फोडणीला टाकता टाकता, एका हातात फोन धरून चालतो. भामट्यांना हे पक्के ठाऊक असते.

इंदुरातील आमची एक माजी विद्यार्थिनी मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करते. आपल्या वेबसाईटच्या नावाची, ज्याला डोमेन म्हणतात त्याची, मुदत संपत आल्याची सूचना तिला ई-मेलने आली. ती तिने छापून आणून आमच्यापुढे ठेवली. मथळा लाल अक्षरांत. खाली तिच्या वेबसाईटचे अचूक नाव, मुदत संपण्याची तारीख आणि सहा हजारांहून अधिक रुपयांची मागणी. चोवीस तासांत रक्कम न भरल्यास 'आपले नाव शोधात दिसेनासे होईल' अशी तंबी. तिचा प्रश्न रास्त होता. "सर, तारीख बरोबर आहे हो. मी जुन्या पावतीवरून ताडून पाहिली. परक्या माणसाला ती कळणार कशी?"

सारी भीती या एका प्रश्नात साठलेली असते, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

डोमेनची मुदत ही गुप्त गोष्टच नव्हे. वेबसाईटचे नाव आपण विकत घेत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवून घेतो. 'डॉट कॉम'सारखी नावे एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांसाठी नोंदवता येतात. ही नोंद करून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. जगभरच्या अशा नावांची व्यवस्था पाहणारी 'आयकॅन' नावाची संस्था आहे. तिच्या शोधसेवेत कोणतेही 'डॉट कॉम' नाव टाकले, की त्याचा रजिस्ट्रार कोण, नोंद केव्हा झाली आणि मुदत केव्हा संपते, हे कोणासही विनामूल्य पाहता येते. पूर्वी तेथे मालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेलही उघडपणे दिसत असे. मे २०१८ मध्ये युरोपचा खाजगी माहितीविषयक कायदा अमलात आला, तेव्हापासून बहुतेक रजिस्ट्रार हा मजकूर झाकून ठेवतात; तारखा मात्र उघड्याच राहिल्या. आणि ई-मेलचा पत्ता? तो तर आपणच वेबसाईटवर 'संपर्क' या पानावर मोठ्या अक्षरांत दिलेला असतो. लग्नाची पत्रिका देवळाच्या फळ्यावर लावलेली असावी, आणि कोणा अनोळखी गृहस्थाने 'तुमच्या मुलीच्या लग्नाची तारीख मला ठाऊक आहे, तस्मात् मी तुमचा नातलग' असे म्हणत पंगतीस बसावे, तसा हा प्रकार. तारीख खरी असल्याने पत्र खरे ठरत नाही.

मग आम्ही त्या कागदाच्या तळाशी असलेला बारीक मजकूर वाचावयास घेतला. चष्मा पुसून वाचावा लागला, इतका तो फिकट छापलेला होता. तेथे लिहिले होते, की हे बिल नाही, हा केवळ एका सेवेचा प्रस्ताव आहे. आणि ती सेवा म्हणजे डोमेनचे नूतनीकरणही नव्हे, तर शोधयंत्रांत नाव नोंदवून देण्याची काही तरी मोघम व्यवस्था. म्हणजे जी मुदत संपत होती तिचा या कागदाशी काही संबंध नव्हता, आणि ज्या सेवेची मुदत संपत असल्याचे भासवले होते ती तिने कधी घेतलीच नव्हती. लबाडीची ही रीत जुनी आहे. टपालाने येणाऱ्या अशाच कागदांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' या कंपनीविरुद्ध कारवाई केली. बिलासारखे दिसणारे कागद पाठवून लोकांना नकळत आपला रजिस्ट्रार बदलावयास लावणे, हा त्या कंपनीवरील आरोप होता.

'डॉट कॉम' नावाचे खरे नूतनीकरण सामान्यतः वर्षाला हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास होते. मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना आणि पुन्हा सुमारे एक आठवडा अगोदर रजिस्ट्रारने मालकाला सूचना पाठवलीच पाहिजे, असा आयकॅनचा नियम आहे. चुकून मुदत टळली, तरी नाव त्याच रात्री नाहीसे होत नाही. नोंद रद्द झाल्यावरही तीस दिवस जबर शुल्क भरून ते परत मिळवता येते. म्हणून 'चोवीस तासांत' ही भाषा ऐकून धावत सुटू नये. तथापि 'सगळीच पत्रे खोटी' असे ठरवून स्वस्थ बसणेही घातक आहे, कारण मुदत खरोखरच टळू दिली तर नाव सुटते आणि दुसरा कोणी ते उचलतो. तेव्हा पत्र आले की त्यातील लिंकला हात न लावता आपल्या रजिस्ट्रारच्या वेबसाईटवर आपल्या ठाऊक वाटेने जावे, आणि तेथे तारीख पाहावी. पैसे भरावयाचे तर तेथेच.

याच घराण्यातला दुसरा एक नमुना चीनमधून येतो. 'आम्ही तेथील नोंदणी कार्यालय. अमुक एका कंपनीने तुमचेच नाव चीनच्या आणि आशियाच्या डोमेनमध्ये नोंदवण्याचा अर्ज केला आहे. तुमची संमती आहे काय? आठवड्यात उत्तर न आल्यास आम्ही अर्ज मंजूर करू.' भाषा मोठी सौजन्यपूर्ण असते. अर्ज करणारी ती कंपनी बहुधा अस्तित्वातच नसते. नावे प्रथम येणाऱ्यास मिळतात. रजिस्ट्रार जगभर पत्रे लिहून कोणाची संमती मागत बसत नाही. उज्जैन-देवासपर्यंत माल पाठवणाऱ्या पापड उद्योगाला चीनमधल्या नावाची गरज काय, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

आता पत्ता वाचण्याविषयी. येथे आमचा मराठीच्या तासाचा अनुभव कामी येईल, असे वाटते. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, हे आपण शाळेत शिकलो. 'राजवाडा' हा राजा नव्हे, वाडा आहे. इंदूरकरांना हे सांगावयास नको. वेबसाईटचा पत्ताही याच रीतीने वाचावा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर पुढची तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो मागून पुढे वाचावा. 'अमुकबँक डॉट खातेपडताळणी डॉट कॉम' असा पत्ता असेल, तर तो अमुक बँकेचा नाही. 'खातेपडताळणी डॉट कॉम' नावाच्या कोणा अज्ञाताचा आहे, आणि बँकेचे नाव त्याने विशेषणासारखे पुढे चिकटवले आहे. 'डॉट को डॉट इन' असा शेवट असेल, तर त्याच्या लगेच आधीचा शब्द पाहावा. पत्र पाठवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत दिसते, त्यावर मुळीच जाऊ नये. ते कोणी काहीही लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवले की खरा ई-मेल पत्ता उघडतो, त्यातील '@' या चिन्हानंतरचा भाग याच नियमाने वाचावा.

अक्षरांचीही फसगत असते. इंग्रजीतील लहान 'आर' आणि 'एन' जवळजवळ लिहिले, की 'एम' असल्याचा भास होतो. देवनागरीत 'र' आणि 'व' शेजारी आले की 'ख' वाटतो, आणि 'रवाना'चा 'खाना' होतो, त्यातलीच ही गत. फोनच्या लहान पडद्यावर तर हे मुळीच उमगत नाही. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रालाही भुलू नये. वाटेत आपले बोलणे कोणी ऐकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडचा माणूस सज्जन आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

बँकांच्या बाबतीत मात्र आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना आपापली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्याचा आदेश दिला, आणि ही नावे देण्याचे काम हैदराबादेतील बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडे, म्हणजे 'आयडीआरबीटी'कडे, सोपवले. हा शेवट बँकांनाच मिळतो. बँकेच्या नावाने आलेली लिंक दुसऱ्याच शेवटाच्या पानावर नेत असेल, तर तेथून मागे फिरावे.

'तुमची वेबसाईट गूगलच्या पहिल्या पानावर येत नाही, तीत गंभीर दोष आहेत, आम्ही दुरुस्त करून देतो' ही पत्रे आठवड्याला चार या हिशेबाने येतात. यांतील सगळीच फसवी नसतात. काही नुसतीच निरुपयोगी असतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. तेथेच एक गंमतही नोंदवली आहे, की 'तुमची वेबसाईट शोधयंत्रांत दिसत नाही' अशी पत्रे खुद्द गूगलला येतात! तेव्हा आपल्या भाजणीच्या दुकानास ती आली, तर त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

याहून गंभीर प्रकार कायद्याच्या धाकाचा. 'तुमच्या वेबसाईटवर माझी छायाचित्रे विनापरवाना वापरली आहेत. पुरावा या लिंकवर आहे. ती काढली नाहीत तर मी न्यायालयात जाईन.' आपल्याकडच्या सरळमार्गी माणसाला कोर्टाचे नाव काढले की घाम फुटतो, आणि तो पुरावा पाहण्यासाठी लिंक उघडतो. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच पत्रांचा तपशील प्रसिद्ध केला. भामटे ही धमकी दुकानदाराच्याच वेबसाईटवरील संपर्काच्या फॉर्ममधून पाठवत. त्यामुळे ती ग्राहकाच्या चौकशीसारखी, नेहमीच्या वाटेने येई. लिंक गूगलच्याच फुकट मिळणाऱ्या पानांवर नेत असे, आणि तेथून 'आइस्डआयडी' नावाचा, पासवर्ड व बँकेची माहिती चोरणारा प्रोग्राम संगणकात उतरत असे. म्हणजे वर सांगितलेला तत्पुरुषाचा नियमही येथे अपुरा पडतो. वाडा खरोखर गूगलचाच होता. भाडेकरू भामटा होता. छायाचित्रांविषयीच्या तक्रारी खऱ्याही असू शकतात, हे खरे. पण त्याची शहानिशा लिंकवर नव्हे, आपल्या घरी करावी. चित्रे कोणी काढली, कोठून घेतली, हे आपल्यालाच ठाऊक असते. सगळी चित्रे आपल्याच फोनवर काढलेली असतील, तर विषय संपला.

'तुमची वेबसाईट आम्ही फोडली आहे, बिटकॉइन पाठवा', 'तुमची पेटी भरली आहे, पासवर्ड पुन्हा द्या' या पत्रांवर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही. त्यांची जागा कचऱ्याच्या डब्यात.

पण मोठी मागणी घेऊन येणाऱ्या पत्राबद्दल सांगितले पाहिजे, कारण तेथे भीती नसते, आनंद असतो. वेबसाईटवर चौकशी येते: 'मी सैन्यात अधिकारी आहे. तुकडीच्या कार्यक्रमासाठी चाळीस किलो लाडू हवेत.' इंदुराजवळ महूची छावणी आहे, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे अशा मागणीत कोणाला अस्वाभाविक काही वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. मग तो गृहस्थ क्यूआर कोड पाठवतो आणि सांगतो, की हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. येथे एकच गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घ्यावयाचे असतील तर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही.

आणखी एक पत्र असे, की ते आपल्या ओळखीच्या माणसाकडून येते. काचेच्या बरण्या पुरवणारा व्यापारी लिहितो, 'आमचे बँक खाते बदलले, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी.' त्याचा ई-मेल कोणी तरी ताब्यात घेतलेला असतो, किंवा त्याच्यासारखा पत्ता केलेला असतो. अमेरिकेत या जातीच्या फसवणुकीत २०२३ या एका वर्षात सुमारे २९० कोटी डॉलर गेल्याचे तेथील एफबीआयकडे आलेल्या तक्रारींवरून दिसते. आपल्या जुन्या सराफ्यात यावर फार शहाणा तोडगा होता. शहाजोग हुंडीचे पैसे कागद आणणाऱ्या कोणालाही मिळत नसत. पेठेत ज्याची पत आहे अशा ओळखीच्या शहालाच ते मिळत, आणि माणूस तोच आहे याची खात्री करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असे. आजही खाते बदलल्याचे पत्र आले, की आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. तेथे भामटाच फोन उचलतो आणि 'हो, खाते बदलले' असे आनंदाने सांगतो.

पूर्वी अशी पत्रे व्याकरणावरून ओळखू येत. आम्हा शिक्षकांना ती तपासताना एक प्रकारचे समाधानही मिळे. २०२२ च्या अखेरीपासून मजकूर लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली, आणि ही खूण पुसली गेली. आता भामट्यांची पत्रे निर्दोष असतात, मराठीतसुद्धा. आणि अशुद्ध लेखनाचा मान बहुतांशी खऱ्या कार्यालयांकडे उरला आहे.

त्या मसालेवाल्या विद्यार्थिनीकडे पुन्हा वळतो, कारण तिच्या बाबतीत खरी अडचण त्या पत्रात नव्हतीच. "तुझा रजिस्ट्रार कोण?" असे आम्ही विचारले, तेव्हा तिला उत्तर देता येईना. वेबसाईट शेजारच्या एका मुलाने हौसेने करून दिली होती. डोमेन त्याच्याच खात्यात, त्याच्याच ई-मेलवर नोंदलेले. तो आता बंगळुरास नोकरीला. म्हणजे नूतनीकरणाच्या खऱ्या सूचना त्याच्याकडे जात होत्या आणि खोट्या हिच्याकडे येत होत्या! जे नाव तिच्या प्रत्येक पाकिटावर छापलेले आहे, ज्या नावावर सुरतेपासून नागपुरापर्यंतच्या घरांतून मागण्या येतात, ते कागदोपत्री तिचे नव्हतेच. मुलगा भला निघाला. त्याच रजिस्ट्रारकडे हिचे खाते उघडून त्याने दोन दिवसांत नाव तिच्याकडे वर्ग केले. पण तो दुरावला असता, परदेशी गेला असता, किंवा भांडणच झाले असते, तर काय झाले असते, याचा विचार आम्ही दोघांनीही बोलून दाखवला नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या वेबसाईट भाच्याने, पुतण्याने किंवा कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याने करून दिल्या आहेत, त्यांनी या आठवड्यातच चौकशी करावी. रजिस्ट्रार कोण, खाते कोणाच्या ई-मेलवर, मुदत केव्हापर्यंत, वेबसाईट ज्या कंपनीच्या संगणकावर ठेवली आहे तिचे नाव काय आणि तिचे भाडे केव्हा देय, हे सारे दुकानाच्या वहीत एका पानावर शाईने लिहून ठेवावे. पासवर्ड त्या पानावर लिहू नये. खात्याला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी, म्हणजे नुसता पासवर्ड चोरून कोणाला आत शिरता येणार नाही. शक्य असल्यास तीन किंवा पाच वर्षांचे शुल्क एकदम भरून टाकावे. हे पान समोर असले, की 'अंतिम सूचना' हाती घेऊन फक्त दोन तारखा आणि दोन नावे ताडून पाहावयाची उरतात, आणि त्याला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

इतके करूनही कोणाचे पैसे गेलेच, तर संकोचाने घरात बसू नये. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक तत्काळ फिरवावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. भामटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर हलवतात. पहिल्या तासा-दोन तासांत खबर गेली, तर ती वाटेत गोठवता येण्याची शक्यता पुष्कळ असते. तक्रार सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही नोंदवता येते. आपल्या बोलण्यातला 'चारशेवीस' हा शब्द आता इतिहासजमा झाला आहे, कारण १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. तक्रारीच्या कागदावर तो आकडा दिसला तर गोंधळू नये. फोन करताना रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा. मूळ ई-मेल जपून ठेवावा, त्याची छापील प्रत पुरत नाही. तो कोणत्या कोणत्या संगणकांवरून फिरत आला, याची नोंद त्याच्या मस्तकात दडलेली असते आणि तपास करणाऱ्यास तीच लागते. यास्तव रागाच्या भरात तो पुसून टाकू नये.